वाचकांची पत्रं: एकवीस वर्षं, अकरा महिने

मागच्या अंकात मी थिओडोर क्योर्नर या जर्मन कवीचं एक सुनीत मराठीत करून दिलं होतं. १७ जून १८१३ च्या रात्री, डोक्यावर तलवारीचे घाव झेललेला हा मुलगा लाइपझिगजवळच्या रानात लपून पडला होता. सकाळ आपल्याला दिसणार नाही अशी त्याची खात्री झाली होती. त्या अवस्थेत त्यानं त्या चौदा ओळी रचल्या. परिचय म्हणून मी फक्त दोन तारखा छापल्या होत्या: जन्म २३ सप्टेंबर १७९१, मृत्यू २६ ऑगस्ट १८१३. पुण्यात जर्मन शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, पण एका कवितेवर इतकी पत्रं आलेली मला आठवत नाहीत. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याचंच.

माझा मुलगा जर्मनीत फ्रायबेर्गला खाणकामाच्या विद्यापीठात शिकतो. तो म्हणतो की हा कवी आमच्याच संस्थेत होता. मी स्वतः कोळसा खाणीत नोकरी केली आहे, म्हणून उत्सुकता वाटते. खाणकाम शिकणारा मुलगा कवितेकडे कसा वळला? — एक वाचक, चंद्रपूर

मुलाचं म्हणणं बरोबर आहे. सॅक्सनीतलं फ्रायबेर्ग हे चांदीच्या खाणींचं गाव, आणि तिथली खाणकाम अकादमी १७६५ पासूनची. क्योर्नर तिथे १८०८ मध्ये गेला आणि दोन वर्षं राहिला. वेर्नर नावाचे भूशास्त्राचे अध्यापक तिथे होते, त्यांचं नाव तेव्हा युरोपभर होतं. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि नोव्हालिस हा कवी, दोघेही याच अकादमीत शिकून गेले होते. तेव्हा खाणीतून कवी बाहेर येणं तिथे नवलाचं नव्हतं. क्योर्नर खाली उतरत असे, खाणकामगारांसारखं काम करून बघत असे. पुढे मन खनिजं आणि रसायनशास्त्राकडे वळलं, पण दिवा घेऊन अंधारात उतरणारी ती माणसं त्याच्या लिखाणात राहिली. व्हिएन्नाला गेल्यावरही त्यानं खाणकामगारांवर एक संगीतिका लिहिली.

कवितेकडे तो वळला असं मात्र मी म्हणणार नाही, तो कवितेच्या घरातच जन्मला. वडील ख्रिस्तियान गॉटफ्रीड क्योर्नर ड्रेस्डेनला न्यायखात्यात होते. नाटककार आणि कवी शिलर कर्जात बुडालेला असताना याच माणसानं त्याला पैसे दिले, घर दिलं. एल्बे नदीकाठी लोश्वित्झला क्योर्नरांचा द्राक्षमळा होता, तिथे बसून शिलरनं ‘डॉन कार्लोस’ लिहिलं. मावशी डोरा स्टॉक चित्रकार. १७८९ मध्ये मोझार्ट ड्रेस्डेनला आला तेव्हा तिनं त्याचं तळहातात मावेल एवढं रेखाचित्र काढलं, चांदीच्या टोकाच्या लेखणीनं. मोझार्टच्या हयातीतलं ते शेवटच्या काही चित्रांपैकी एक. थोरली बहीण एमा, तीही चित्रकार. अशा घरातल्या मुलाला यमक शिकवावं लागत नाही. पण त्यातच त्याची अडचणही होती. १८१० मध्ये ‘कळ्या’ अशा अर्थाच्या नावानं त्याचा पहिला संग्रह आला, तो वाचताना सारखा शिलर ऐकू येतो. आवाज स्वच्छ आहे, पण अजून त्याचा स्वतःचा नाही.

फ्रायबेर्गनंतर लाइपझिग विद्यापीठ. तिथे विद्यार्थ्यांच्या गटांची भांडणं, द्वंद्वयुद्धं, आणि शेवटी गाव सोडून पळ. मग बर्लिन, तिथे तापानं अंथरूण धरलं. वडिलांनी १८११ च्या ऑगस्टमध्ये त्याला व्हिएन्नाला पाठवलं.

त्याचं लग्न ठरलं होतं आणि चांगली नोकरीही होती असं वाचलं. मग हे सगळं टाकून तो लढायला का गेला? त्या मुलीचं काय झालं? — एक वाचक, दादर

तिचं नाव आंटोनी आडामबेर्गर, सगळे तिला टोनी म्हणत. व्हिएन्नाच्या राजदरबारी नाट्यगृहातली अभिनेत्री. १८१० मध्ये गटेच्या ‘एग्मोंट’ नाटकात बेटहोफननं रचलेली क्लेर्शनची गाणी तिनं म्हटली होती. क्योर्नरचा व्हिएन्नातला मुक्काम जेमतेम एकोणीस महिन्यांचा, पण तेवढ्यात त्यानं डझनभराहून जास्त नाटकं लिहिली. हलकीफुलकी प्रहसनं, हैतीतल्या बंडावरचं ‘टोनी’, आणि डिसेंबर १८१२ मध्ये रंगमंचावर आलेली ‘त्स्रिनी’ ही शोकांतिका. १५६६ मध्ये सिगेतवारचा किल्ला तुर्कांविरुद्ध लढवताना मेलेल्या सरदाराची ही गोष्ट. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि जानेवारी १८१३ मध्ये दरबारी नाट्यगृहाचा कवी म्हणून त्याची नेमणूक झाली. वय एकवीस. याच दिवसांत त्याची एका लाजऱ्या सोळा वर्षांच्या मुलाशी ओळख झाली. त्या मुलानं संगीतासाठीच जगावं असं क्योर्नरनं त्याला बजावल्याचं त्या मुलाच्या मित्रानं पुढे लिहून ठेवलंय. तो मुलगा फ्रान्झ शुबर्ट.

आणि मग तो गेला. नेपोलियनची फौज रशियाच्या बर्फात संपली होती, प्रशिया हे जर्मन राज्य त्याच्याविरुद्ध उठत होतं. १० मार्च १८१३ ला त्यानं वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो विचारतो की खऱ्या गांभीर्याच्या रंगभूमीवर बोलण्याची हिंमत अंगात असताना मी थट्टेच्या रंगभूमीसाठी प्रहसनं लिहीत बसू का? त्याच पत्रात टोनीबद्दल दोनच वाक्यं आहेत. तिनं मोठं मन दाखवलं, ती रडते आहे खरी, पण मोहीम संपली की तिचे अश्रू सुकतील.

हे दुसरं वाक्य मला दर वेळी थांबवतं. ते क्रूर नाही. ज्याला अजून आपल्या कोणाचं मरण माहीत नाही अशा मुलाचं ते वाक्य आहे. आपण परत येणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

टोनीनं चार वर्षांनी, १८१७ मध्ये, रंगभूमी सोडली आणि लग्न केलं. तिचा मुलगा आल्फ्रेड फॉन आर्नेट मोठा इतिहासकार झाला.

ल्युत्सोच्या पथकाचा पोशाख काळा का होता? जर्मन झेंड्याचे रंग त्यावरूनच आले हे खरं आहे का? — एक शिक्षिका, कोल्हापूर

आधी पथकाबद्दल. मेजर ल्युत्सोचं हे स्वयंसेवकांचं दल प्रशियानं ब्रेस्लाऊ शहरात उभं केलं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्स्वाफ. क्योर्नर १९ मार्च १८१३ ला तिथे भरती झाला. वर गेलं तर सगळे मिळून ३,५०० च्या आसपास लोक होते, आणि त्यातले बरेचसे प्रशियाचे रहिवासी नव्हतेच. क्योर्नर स्वतः सॅक्सनीचा, आणि सॅक्सनीचा राजा तेव्हा नेपोलियनच्या बाजूला होता. म्हणजे हा मुलगा स्वतःच्या राजाच्या विरुद्ध बाजूनं लढत होता. त्याच्या कवितेतला ‘देश’, म्हणजे एकसंध जर्मनी, नकाशावर अस्तित्वातच नव्हता, हे लक्षात ठेवलं की त्या ओळी वेगळ्या ऐकू येतात.

पोशाख काळा, कारण गणवेश ज्यानं त्यानं स्वखर्चानं करायचा होता. कोणी विद्यार्थी, कोणी सुतार, कोणी शिंपी. प्रत्येकाचा कोट वेगळ्या रंगाचा. वेगवेगळ्या रंगांचं कापड एकाच रंगात आणायचं तर काळ्यात बुडवणं हा एकच उपाय. निळा, तपकिरी, हिरवा, सगळं काळ्याखाली जातं. त्यावर लाल पट्ट्या आणि पितळेची सोनेरी बटणं. लढाईनंतर याच पथकातल्या विद्यार्थ्यांनी १८१५ मध्ये येना इथे विद्यार्थी संघटना काढली, तिच्या निशाणावर हे रंग आले. तिथून १८३२ आणि १८४८ च्या चळवळींत, आणि पुढे राष्ट्रध्वजावर. तेव्हा हो, धागा खरा आहे, फक्त तो पथकाकडून थेट न येता विद्यार्थ्यांमार्फत आला.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक सांगते. बालवाडीची कल्पना ज्यानं जगाला दिली तो फ्रीडरिश फ्र्योबेल याच पथकात होता. आणि एलेओनोर प्रोखास्का नावाची एक मुलगी पुरुषाच्या नावानं भरती झाली होती. ती बाई आहे हे जखमी झाल्यावर कळलं. ऑक्टोबर १८१३ मध्ये ती गेली.

ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर क्योर्नर ते हेच का? — एक वाचक, नाशिक

नाही. ते १८७३ मध्ये जन्मलेले सेनाधिकारी, १९५१ ते १९५७ राष्ट्राध्यक्ष होते. नाव तेवढं तेच.

सुनीत लिहिलं त्या रात्री तो वाचला असं तुम्ही लिहिलंत. मग मेला कसा? मोठी लढाई होती का? — एक वाचक, रत्नागिरी

मोठी लढाई दोन्ही वेळा नव्हती. लाइपझिगची प्रचंड लढाई ऑक्टोबरात झाली, तोवर त्याला जाऊन पन्नास दिवस झाले होते.

पहिल्यांदा काय झालं ते आधी. ४ जूनला युद्धबंदीचा करार झाला. ल्युत्सोचं घोडदळ तेव्हा शत्रूच्या पिछाडीला होतं आणि ठरलेल्या मुदतीत एल्बेपलीकडे पोचलं नाही. १७ जूनच्या संध्याकाळी कित्सन गावापाशी फ्रेंच आणि व्युर्टेमबेर्गच्या फौजेनं त्यांना गाठलं. व्युर्टेमबेर्गचे म्हणजे जर्मनच, जर्मनच जर्मनांवर तुटून पडले. बोलणी करायला पुढे गेलेल्या क्योर्नरनं तलवार उपसलेली नव्हती, तेवढ्यात डोक्यावर वार बसले. वडिलांनी लिहिलेल्या चरित्रात पुढचा प्रसंग आहे. रानात पाठलाग करणारे जवळ आले तेव्हा यानं सगळा जीव एकवटून हुकूम सोडला: चौथी तुकडी, पुढे चला! तुकडी कुठेच नव्हती, पण पाठलाग करणारे मागे फिरले. मग अंधार, आणि ते सुनीत. गावकऱ्यांनी त्याला ग्रोस-त्शोखर गावात नेऊन लपवलं, मग चोरून लाइपझिगमध्ये आणि तिथून पुढे कार्ल्सबाडला. डोकं भरून येईपर्यंत तो थांबला. ऑगस्टमध्ये पुन्हा पथकात हजर.

२५ ऑगस्टची रात्र मेक्लेनबुर्गमधल्या गोटेसगाबे नावाच्या वाड्यात गेली. तिथे पियानो होता, तो वाजवत बसला. पहाटे खिशातल्या वहीत एक कविता पुरी केली, ‘तलवारीचं गाणं’. त्यात तलवार ही वधू आहे, स्वार नवरदेव, आणि लग्नाचा दिवस म्हणजे लढाईचा दिवस. ती तो मित्राला वाचून दाखवत होता तेवढ्यात हल्ल्याचा इशारा झाला. गाडेबुशहून श्वेरीनला जाणाऱ्या रस्त्यावर फ्रेंचांच्या सामानाच्या गाड्या चालल्या होत्या, एवढंच ते लक्ष्य. गाड्या सापडल्या, सोबतचे शिपाई झाडीत शिरून गोळ्या झाडू लागले, क्योर्नर पाठलागावर होता. रोझेनोच्या त्या रानात एक गोळी त्याच्या पोटात लागली. काही क्षणांत संपलं.

दुसऱ्या दिवशी सोबत्यांनी त्याला व्योबेलीन गावी ओकच्या झाडाखाली पुरलं. वडिलांनी १८१४ मध्ये त्याच्या युद्धकविता ‘लायर आणि तलवार’ या नावानं छापल्या, कबरीवर ओतीव लोखंडाचं स्मारक उभारलं, त्यावरही लायर हे तंतुवाद्य आणि तलवार. बहीण एमानं भावाचं चित्र पुरं केलं, त्याच्या कबरीच्या जागेचं चित्र काढलं, आणि मार्च १८१५ मध्ये तीही गेली. सत्तावीस पुरी झाली नव्हती. तिला भावाशेजारी ठेवलं. मग १८३१ मध्ये वडील, १८३२ मध्ये मावशी डोरा, १८४३ मध्ये आई. सगळं घर एका ओकखाली आलं. आईनं हे सगळं पाहिलं, तीस वर्षं.

हा कवी गोबेल्सचा आवडता होता. त्याच्या ओळी नाझींनी वापरल्या. अशा माणसाची कविता तुम्ही कौतुकानं का छापता? — एक वाचक, औरंगाबाद रस्ता, अहमदनगर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातला राग योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देते.

ओळी वापरल्या, हे खरं आहे. १८ फेब्रुवारी १९४३ ला संध्याकाळी बर्लिनच्या क्रीडागृहात गोबेल्सनं सर्वंकष युद्धाचं ते भाषण केलं, आणि त्याचा शेवट क्योर्नरच्या ओळीवर केला: लोक उठले, वादळ सुटलं. मूळ ओळ विधान आहे, गोबेल्सनं तिची आज्ञा केली.

आता त्याच दिवशीची सकाळ. म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी वर्गांच्या दारांपाशी पत्रकं ठेवली आणि उरलेला गठ्ठा वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात सोडला. ‘पांढरा गुलाब’ गटाचं ते सहावं पत्रक, नाझींविरुद्धचं, प्राध्यापक कुर्ट हूबर यांनी लिहिलेलं. १८१३ मध्ये नेपोलियनची दहशत जशी मोडली तशी १९४३ मध्ये नाझींची मोडा, असं त्यात आवाहन आहे. आणि शेवटाकडे एक ओळ अवतरणात आहे: ऊठ माझ्या लोका, इशाऱ्याच्या ज्वाळा धुमसताहेत! ही ओळ क्योर्नरची. भावंडांना तिथेच पकडलं, चार दिवसांत दोघांचे शिरच्छेद झाले. हूबर यांना जुलैमध्ये मारलं. सोफी एकवीस वर्षांची होती, क्योर्नरएवढीच.

एकच दिवस, एकच कवी, आणि त्याच्या ओळी दोन्हीकडे. पण यावरून कवी निर्दोष ठरतो असं मी म्हणत नाही. ज्या कवितेतली ओळ शोल भावंडांच्या पत्रकात आहे, त्याच कवितेत तो या युद्धाला धर्मयुद्ध म्हणतो, पवित्र युद्ध म्हणतो. त्याच्या गाण्यांत फ्रेंचांचा द्वेष उघड आहे. रक्त, वधू आणि तलवार यांचं ते मिश्रण मला आज वाचवत नाही, आणि वर्गात मी ते कधी पाठ करून घेतलं नाही. शंभर वर्षं जर्मन शाळांनी ते घेतलं, मुलांना हातवारे करून म्हणायला लावलं. गोबेल्सला ती ओळ समजावून सांगावी लागली नाही, ती समोरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच व्योबेलीन गावाजवळ नाझींनी छळछावणी उभारली. दहा आठवडे ती चालली, २ मे ला अमेरिकी सैन्य पोचलं तेव्हा संपली. तेवढ्या काळात हजारावर माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. त्यातल्या काहींना क्योर्नरच्या कबरीशेजारच्या जमिनीत पुरलं आहे. आज तिथे जाणाऱ्याला ओक, लोखंडी लायर आणि छावणीतले मृत, सगळं एकाच कुंपणात भेटतं. तिथलं संग्रहालयही दोन्ही गोष्टी सांगतं. मीही म्हणूनच छापलं. गाळून टाकला तर त्याच्याबरोबर ही जमीनही गाळली जाते.

मी अकरावीत आहे. आमच्या जर्मन काव्यवाचन स्पर्धेसाठी सर ‘तलवारीचं गाणं’ घे म्हणतात, कारण ते जोशपूर्ण आहे. तुमचं सुनीत घेऊ का? — एक विद्यार्थिनी, पुणे

सुनीतच घे, सरांना माझा नमस्कार सांग. जोश नसला तरी ते अवघड आहे, आणि परीक्षकांना ते कळतं.

सुरुवात ‘डी वुंडअ ब्रेन्ट’, जखम पेटली आहे. इथे थांब. लगेच पुढच्या ‘पांढऱ्या पडलेल्या ओठां’कडे पळू नकोस. रानात पडलेल्या माणसाला एका दमात दोन गोष्टी सांगवत नाहीत. पहिल्या आठ ओळी हळू, जवळच्या माणसाला सांगावं तशा. हातवारे नकोत.

मग शेवटच्या सहा ओळी. तिथे तो म्हणतो की जे मला इथे पवित्र वाटलं, ज्याच्यासाठी मी ‘राश उंड युगेंटलिश’ पेटलो, त्याला मी स्वातंत्र्य म्हटलं असेल किंवा प्रेम म्हटलं असेल, ते आता तेजस्वी देवदूतासारखं समोर उभं दिसतं. ‘राश उंड युगेंटलिश’ म्हणजे झटकन आणि तरुणपणानं. आपल्या पेटण्याबद्दल हे दोन शब्द तो स्वतः वापरतो, मरण समोर असताना.  भाषांतर करताना माझी सगळ्यात जास्त खोडाखोड तिथेच झाली. आधी ‘धडाडीनं’ लिहिलं होतं, ते खोडलं.

‘राश’मधला ‘श’ आणि ‘युगेंटलिश’मधला शेवटचा ‘श’ वेगळे आहेत. दुसरा मऊ, जीभ टाळूजवळ नेऊन नुसती हवा सोडायची. आरशासमोर वीसेक वेळा म्हण. आणि ते दोन शब्द आवाज चढवून म्हणू नकोस.